मातीतल्या अंड्यांची राखण

मोझांबिकच्या दक्षिण भागात आणि त्याला लागून असलेल्या झिम्बाब्वेच्या आग्नेय कोपऱ्यात नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास पाऊस सुरू झाला की सपाट, झुडपी माळरानांवरील सखल जागी उथळ डबकी भरतात आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांपैकी काहींत बोटाएवढे, निळ्या, तांबड्या आणि पिवळ्या रंगांनी झळकणारे मासे आढळू लागतात. ही डबकी एखाद्या बारमाही प्रवाहाला जोडलेली नसतात. वर्षाचा मोठा भाग ती पूर्ण कोरडी असतात, त्यांच्या तळाला भेगा पडतात आणि गुरे व हत्ती त्यांवरून चालत जातात. तरीही पुढच्या पावसानंतर त्याच जागी तेच मासे पुन्हा दिसतात. किलीफिश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जगाच्या अनेक उष्ण भागांत पसरलेल्या लहान माशांच्या समूहापैकी नोथोब्रँकियस या प्रजातीतले हे मासे असून, त्यांची संपूर्ण पिढी एकाच ओल्या हंगामात जन्मते, वाढते, वीण घालते आणि पाण्याबरोबर संपते, म्हणून अभ्यासक त्यांना वार्षिक मासे म्हणतात. पाणी आटल्यावर मागे उरतात ती तळाच्या मातीत पुरलेली अंडी.

या माशांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या आयुष्याच्या लांबीभोवती फिरते, आणि बंदिस्त जागेत वाढवता येणाऱ्या पृष्ठवंशी प्राण्यांत सर्वांत अल्पायुषी अशी नोथोब्रँकियस फुर्झेरी या जातीची जी ओळख करून दिली जाते ती चुकीची नाही. परंतु हे मासे ज्यांनी प्रत्यक्ष वाढवले आहेत त्यांच्या कामाचा हिशेब मांडला तर असे दिसते की त्यांची काळजी, त्यांच्या नोंदी आणि त्यांची चिंता यांचा मोठा वाटा पोहणाऱ्या माशाच्या वाट्याला येत नाही. तो येतो ओलसर भुसा भरलेल्या लहान पिशव्यांच्या आणि त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांच्या वाट्याला. माशाचे आयुष्य आठवड्यांत मोजले जाते, अंड्याचे महिन्यांत आणि प्रसंगी वर्षाहून अधिक काळात. या कामाची सगळी शिस्त अंड्याने घालून दिलेली आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय या माशांचे जीवशास्त्रही समजत नाही आणि त्यांचे संरक्षणही करता येत नाही.

सुरुवात मातीपासून करावी लागते. क्षेत्रपाहणीला निघालेल्या नवख्या अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे पाण्याकडे जाते आणि पाणी साचलेले प्रत्येक डबके त्याला आशादायक वाटते. अनुभवी माणूस मात्र आधी काठाची माती बोटांत चोळून पाहतो. नोथोब्रँकियसचे डबके सहसा चिकण गाळाच्या थरावर बसलेले असते. ही माती स्मेक्टाइट गटातील, म्हणजे पाणी शोषून फुगणाऱ्या आणि वाळताना आकसणाऱ्या खनिजांनी बनलेली असते. पहिल्या पावसात ती फुगून तळ बंद करते, त्यामुळे पाणी झिरपून न जाता साचते, आणि कोरड्या काळात वरून भेगाळली तरी खालच्या थरात थोडी ओल धरून ठेवते. मृदाशास्त्रात अशा जमिनींना व्हर्टिसोल म्हणतात. दख्खनच्या पठारावरील कापसाची काळी माती याच गटातील असल्यामुळे तिचे फुगणे, चिकटणे आणि उन्हाळ्यात पाऊल अडकेल इतके भेगाळणे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. याउलट तांबड्या, जांभ्यासारख्या मातीवरील डबक्यांत पाणी भरपूर असले तरी हे मासे सहसा सापडत नाहीत, कारण तेथील माती आम्लधर्मी असते आणि अंड्यांना टिकण्यासाठी जे खनिज व जी ओल लागते ती तिच्यात नसते. ब्रायन वॉटर्स या भूशास्त्रज्ञाने या माशांच्या अधिवासाविषयी केलेल्या लेखनामुळे मातीचे हे महत्त्व ठसठशीतपणे पुढे आले, आणि मासे शोधणाऱ्यांच्या कामाची पद्धतच त्यामुळे बदलली.

डबक्याचे पाणी गढूळ असते, इतके की काठावर उभे राहून मासा दिसत नाही. तो आहे की नाही हे जाळे ओढल्यावरच कळते. पाणी उथळ असल्यामुळे दुपारी त्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि रात्री बरेच खाली उतरते. जाळ्यात माशांबरोबर पाणकिडे, बेडूकमासे, बारीक कवचधारी जीव आणि काही ठिकाणी फुप्फुसमासाही येतो, जो कोरडा काळ स्वतःच चिखलात गाडून घेऊन काढतो. म्हणजे एकाच डबक्यात दुष्काळाला दिलेली दोन वेगळी उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. नर भडक रंगाचे आणि मादी करडी, फिकट असते. मादी चिखलापाशी येते, नर आपला पाठीवरचा पर तिच्यावर आच्छादतो, दोघांची शरीरे क्षणभर थरथरतात आणि एक अंडे मातीत सोडले जाते. एकाच वेळी पुंजका घालण्याची पद्धत येथे नाही. अशी एकेक करून रोज २० ते ५० अंडी एक मादी घालू शकते, आणि पाणी असेपर्यंत ती थांबत नाही. भडक रंगांमुळे नर बगळे, खंड्या यांच्या नजरेत अधिक भरतात, त्यामुळे हंगाम पुढे सरकतो तसे अनेक डबक्यांत नरांचे प्रमाण घटत गेलेले आढळते.

अंडे साधारण १ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्याचे बाहेरचे कवच आश्चर्य वाटावे इतके चिवट असते. त्याच्या आत जे घडते, किंवा अधिक नेमके सांगायचे तर जे घडायचे थांबते, त्याला डायपॉज असे नाव आहे: भ्रूणाची वाढ परिस्थितीच्या ताणामुळे मंदावणे वेगळे आणि भ्रूणाने ठरावीक टप्प्यावर, आपल्या अंगच्या नियमाने थांबून राहणे वेगळे, आणि डायपॉज हा दुसरा प्रकार आहे. वार्षिक किलीफिशमध्ये असे तीन थांबे आहेत, ही मांडणी जॉन वूर्म्स यांनी १९७२ साली दक्षिण अमेरिकेतील वार्षिक माशांवरील अभ्यासातून केली आणि ती आफ्रिकेतील माशांनाही लागू पडली. पहिल्या थांब्यावर भ्रूण असा आकारच नसतो. बलकाच्या पृष्ठभागावर पेशी विखुरलेल्या असतात. दुसऱ्या थांब्यावर शरीराचा अक्ष, डोळ्यांची सुरुवात आणि हृदयाची नळी तयार झालेली असते. हाच थांबा सर्वांत लांबू शकतो आणि कोरड्या महिन्यांचा मुख्य भार तोच उचलतो. तिसऱ्या थांब्यावर पिल्लू पूर्ण घडलेले, कवचात गुंडाळलेले आणि पाण्याची वाट पाहणारे असते. एकाच मादीची, एकाच दिवशी घातलेली अंडीही या थांब्यांतून एकाच वेगाने जात नाहीत. काही दुसरा थांबा पूर्ण टाळून सरळ पुढे जातात, काही महिनोन्महिने तेथेच राहतात. अवेळी पडलेल्या एखाद्या सरीने डबके चार दिवस भरून पुन्हा आटले तर त्या वेळी तयार असलेली पिल्ले मरतात, पण मागे राहिलेली अंडी पुढच्या पावसासाठी शिल्लक असतात. प्रत्येक अंड्याचे भवितव्य अनिश्चित ठेवून वंशाचे भवितव्य सुरक्षित करण्याची ही रीत आहे. सह्याद्रीतील कातळसड्यांवर पावसाळ्यात भरणाऱ्या डबक्यांतील परी कोळंब्या, म्हणजे पारदर्शक अंगाचे व उलटे पोहणारे बारीक कवचधारी जीव, हेही सुप्त अंड्यांच्या बळावरच उन्हाळा ओलांडतात. परंतु पाठीचा कणा असलेल्या प्राण्याने हे साधावे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. कोकणातील ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारे ॲप्लोकाइलस हे किलीफिशचेच भारतीय नातलग असले तरी ते वार्षिक नाहीत.

अंड्यांच्या या स्वभावामुळे त्यांची राखण हे एक स्वतंत्र कसब होऊन बसते. टाकीत बारीक वाळूचे उथळ भांडे ठेवले की मासे त्यात अंडी घालतात. वाळू चाळून अंडी वेगळी केली जातात, धुतली जातात आणि दमट पीटमध्ये, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या भुशात, किंवा नारळाच्या काथ्याच्या भुशात पसरून बंद करून ठेवली जातात. ओल किती असावी हे कोणत्याही मापाने नीट सांगता येत नाही. मुठीत दाबल्यावर भुशाचा गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी निघू नये, असे नवख्याला सांगितले जाते, आणि पुढचे त्याच्या बोटांनीच शिकायचे असते. ओल जास्त झाली तर अंड्यांवर बुरशी चढते, आणि एका मेलेल्या अंड्यावरची बुरशी शेजारच्या निरोगी अंड्याला गाठते. ओल कमी झाली तर अंडी चेपतात आणि परत फुगत नाहीत. तापमान वाढवले तर अधिक भ्रूण दुसरा थांबा टाळतात, कमी ठेवले तर थांबा लांबतो, त्यामुळे पिल्ले कधी हवी आहेत हे ठरवून अंडी कोणत्या कपाटात ठेवायची हे ठरते. दर आठवड्याला भुसा उघडून मेलेली, पांढरी पडलेली अंडी चिमट्याने काढून टाकणे आणि उरलेली सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे या कामातील सर्वांत कंटाळवाणे मानले जाणारे, पण खरे तर सर्वांत अर्थपूर्ण काम आहे, कारण याच वेळी पाहणाऱ्याच्या डोळ्यांना टप्प्यांचे फरक कळू लागतात. डोळ्यांभोवती सोनेरी कडे चमकू लागले की पिल्लू तयार आहे हे ओळखले जाते.

अंडी पाण्यात सोडण्याची वेळ साधणे हे त्याहून नाजूक असते. थंड पाण्यात, अनेक प्रयोगशाळांमध्ये कुजलेल्या वनस्पतींपासून मिळणारे ह्युमिक आम्ल मिसळून, तयार अंडी टाकली की काही तासांत सुमारे ५ मिलिमीटर लांबीची पिल्ले कवच फोडून बाहेर येतात. घाई झाली असेल तर काही पिल्लांचे वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगण्यासाठी लागणारी हवेची पिशवी, भरत नाही आणि ती तळावर घसरत राहतात. अशी पिल्ले बहुधा वाचत नाहीत. उशीर झाला तर बलकातील अन्न संपत आलेले असते आणि पिल्लू अशक्त निघते. बाहेर आलेल्या पिल्लांना त्याच दिवसापासून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कवचधारी जीवाची नुकती फुटलेली पिल्ले खायला लागतात, आणि ती रोज ताजी तयार करावी लागत असल्यामुळे या कामात सुट्टीचा दिवस असा नसतो. त्यानंतरची वाढ इतकी वेगवान असते की सोमवारी घेतलेली मापे शुक्रवारी उपयोगाची राहत नाहीत.

नैसर्गिक डबक्यांत हा वेग किती असू शकतो हे चेक प्रजासत्ताकातील मार्टिन राइखार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोझांबिकमध्ये केलेल्या कामातून २०१८ साली स्पष्ट झाले: काही मासे अंड्यातून बाहेर आल्यापासून अवघ्या १४ दिवसांत प्रजननक्षम झालेले आढळले. अशा माशाचे वय ठरवण्यासाठी त्याच्या कानातील ओटोलिथ हा चुनखडीचा सूक्ष्म खडा उपयोगी पडतो, कारण त्यावर रोज एक थर चढतो आणि हे थर मोजता येतात. याच मोजणीतून असेही दिसले की एका डबक्यातील बहुतेक मासे जवळजवळ एकाच वेळी अंड्यांतून बाहेर आलेले असतात, म्हणजे डबके भरल्याचा दिवस हाच त्या संपूर्ण पिढीचा जन्मदिवस असतो.

तरुण नर आक्रमक असतात आणि एकत्र ठेवल्यास एकमेकांचे पर फाडतात, म्हणून मोठे झाल्यावर त्यांना वेगळे ठेवावे लागते. त्यानंतर, ज्या वयात दुसऱ्या एखाद्या माशाचे तारुण्य नीट सुरूही झालेले नसते त्या वयात, यांच्या अंगावर म्हातारपण दिसू लागते: रंग फिका पडतो, पोट खपाटीला जाते, पाठीचा कणा वाकतो, फाटलेला पर पूर्वीसारखा भरून येत नाही, पोहणे मंदावते आणि अन्न टाकल्यावरची झेप उशिरा येते. सांभाळणाऱ्याच्या देखत, एका ऋतूच्या आत, एका प्राण्याचे बालपण ते वार्धक्य असा संपूर्ण पट उलगडतो. या अनुभवाचा परिणाम गंभीर असतो आणि तो शब्दांत मांडणे अनेकांना जड जाते. पण प्रत्येक मावळणाऱ्या पिढीमागे कपाटात तिची अंडी आहेत ही जाणीव त्याच वेळी काम पुढे नेत राहते.

फुर्झेरी या जातीचा शास्त्रातील प्रवेशही अशा राखणीमुळेच झाला. १९६८ साली तेव्हाच्या ऱ्होडेशियातील, आजच्या झिम्बाब्वेतील, गोनारेझू अभयारण्यातील साझाले पॅन या डबक्यातून रिचर्ड फुर्झर आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे मासे गोळा केले, आणि १९७१ साली रेक्स जब यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन करून जातीला फुर्झर यांचे नाव दिले. पुढची सुमारे ३० वर्षे विद्यापीठांना या माशात फारसा रस नव्हता. ती वर्षे तो जगला हौशी पालकांच्या घरांत, जे अंड्यांसह दमट भुसा पाकिटात घालून टपालाने एकमेकांना पाठवत आणि एक पिढी संपण्याआधी दुसरीची तजवीज करत. अशा पालकांच्या संस्था अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत आहेत. अमेरिकेतील संस्था १९६१ सालापासूनची आहे. या माणसांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर नाहीत, आणि तरीही त्यांनी जपलेला वंश नसता तर पुढचे एकही संशोधन झाले नसते, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

२००३ साली स्टेफानो वाल्देसालिची आणि अलेस्सांद्रो चेल्लेरिनो यांनी या वंशाचे आयुष्य प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या आसपास संपते हे प्रसिद्ध केले, आणि वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांचे लक्ष त्याकडे वळले. उंदराच्या आयुष्यावर एखाद्या औषधाचा परिणाम पाहायला दोन-तीन वर्षे लागतात, येथे तोच प्रश्न काही महिन्यांत विचारता येतो. २००६ साली रेस्व्हेराट्रोल हे द्राक्षांत आढळणारे रसायन खाद्यातून दिल्यावर या माशांचे आयुष्य वाढल्याचे दिसले, २०१५ साली दोन स्वतंत्र गटांनी त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला, आणि २०१७ साली तरुण माशांच्या आतड्यांतील सूक्ष्मजीव मध्यमवयीन माशांना दिल्यास ते अधिक जगतात असे कोलोन येथील गटाने दाखवले. परंतु आयुष्याचे हे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी, आणि ती पुन्हा राखणीकडेच घेऊन जाते. गोनारेझूचा प्रयोगशाळेतील वंश थोड्याच माशांपासून सुरू होऊन दीर्घकाळ आपसांत वाढलेला आहे. मोझांबिकमधून नंतर आणलेल्या वंशांचे मासे त्याच्यापेक्षा अधिक जगतात, आणि उत्तम अन्न-पाण्यात गोनारेझूचा वंशही पहिल्या नोंदीपेक्षा जास्त जगतो. म्हणून कोणत्याही प्रयोगाचा अर्थ मासा कोणत्या डबक्यातला, कोणत्या वंशाचा, कशावर वाढवलेला, हे माहीत असल्याशिवाय लागत नाही.

पिशवीवरच्या चिठ्ठीचे मोल येथे कळते. चिठ्ठीवर जातीचे नाव, गोळा केल्याचे स्थळ व वर्ष यांचा संकेतांक आणि अंडी घातल्याचा दिनांक असतो, आणि जुने पालक दोन डबक्यांतील मासे, दिसायला सारखे असले तरी, कधीही एकत्र येऊ देत नाहीत. बाहेरच्या माणसाला हा अतिरेक वाटतो. जनुकीय अभ्यासांनी मात्र तो योग्य ठरवला आहे. वाहत्या पाण्यात न राहणाऱ्या या माशांना मोठी नदी ओलांडता येत नाही: साव्हे नदीच्या दक्षिणेला फुर्झेरी राहतो, तर तिच्या उत्तरेला त्याचा जवळचा नातलग नोथोब्रँकियस कादलेची, ज्याला स्वतंत्र जात म्हणून २०१० साली नाव मिळाले. चिठ्ठी हरवलेली पिशवी जिवंत अंड्यांनी भरलेली असली तरी अभ्यासासाठी निरुपयोगी होते, आणि अनुभवी पालक तिच्यातून निघालेले मासे वंशात न मिसळता वेगळे ठेवतात.

घरातली वा प्रयोगशाळेतली पिशवी डबक्याची जागा घेऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर या कामातील जाणकार नकारार्थी देतात, आणि प्रस्तुत लेखकाला ते बरोबर वाटते. पिशवीत अवेळी पाऊस येत नाही, म्हणून लवकर उमलणारी आणि रेंगाळणारी अंडी यांतली निवड तेथे निसर्ग करत नाही, पालक करतो. नकळत तो आपल्या सोयीची, लवकर तयार होणारी अंडीच पुढे नेतो. वंश उरतो, पण ज्या अनिश्चिततेने तो घडवला ती उरत नाही. दुसरीकडे पूर्व आफ्रिकेच्या किनारी भागात वाढती शहरे, रस्ते, भराव आणि शेती यांमुळे हंगामी डबकी नाहीशी होत आहेत, आणि काही नोथोब्रँकियस जातींचा वावर मोजक्याच डबक्यांपुरता असल्यामुळे एका भरावात संपूर्ण जात संपू शकते. या डबक्यांचे दुर्दैव असे की जमिनीची पाहणी सोयीसाठी कोरड्या काळात होते, आणि त्या काळात तेथे पाहणाऱ्याला भेगाळलेली रिकामी जमीन दिसते. म्हणून आग्रहाची मागणी एवढीच आहे की चिकण काळ्या मातीचे कोणतेही हंगामी डबके बुजवण्यापूर्वी त्याची पाहणी पाऊस सुरू झाल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जाळे ओढून करावी, आणि ती होईपर्यंत त्याची नोंद पडीक जमीन म्हणून करू नये.